तासगावच्या दादांना उत्तर: येरळवाडीचे पाहुणे आणि आपले ट्रे

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागानं लिहिली आहे, पण राग बिनबुडाचा नाही, म्हणून चार ओळींत उरकत नाही. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की बर्ड फ्लू पसरण्यात आपल्या कोंबड्यांच्या शेडवाल्यांच्या सवयींचा मोठा वाटा असतो आणि शेतकरी मरतूक लपवतात. त्यावर तुमचं म्हणणं असं: रोग आणतात परदेशी पाहुणे पक्षी आणि बोल मात्र शेतकऱ्याला. २००६ला नंदुरबारच्या नवापुरात आला तोच हा रोग, 'विषाणू बदलतोय' ही नुसती भीती घालायची भाषा. आणि कोंबड्या मारण्यापेक्षा सरकार लस का देत नाही?

आधी पाहुण्यांचं बघू. थंडीत साताऱ्याकडच्या मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडीच्या पाण्यावर लांबचे पक्षी उतरतात, आणि असे पक्षी हा विषाणू वाहून नेतात, यात वाद नाही. जानेवारी २०२१मध्ये हिमाचलातल्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले, ते याच रोगानं. पण त्या हंसांना तो मिळाला कुठून? आज जगभर थैमान घालणाऱ्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचं मूळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या पाळीव हंसात सापडलं. १९९७ला हाँगकाँगच्या कोंबडीबाजारातून तो माणसांत गेला, १८ जणांना लागण झाली, ६ जण दगावले. पुढं कित्येक वर्षं तो पाळीव बदकं, कोंबड्या आणि जिवंत पक्ष्यांचे बाजार यांतच जास्त करून फिरत राहिला. २००५ला चीनच्या चिंगहाय सरोवरावर रानपक्षी हजारोंनी मेले तेव्हा तो रानात चांगलाच शिरला आहे हे कळलं. म्हणजे धंद्यातून रानात गेला आणि रानातून परत धंद्यात आला. सगळं बिल पाहुण्यांच्या नावावर फाडता येणार नाही.

आणि येरळवाडीचं बदक काही तुमच्या शेडात येऊन बसत नाही. तळ्यापासून शेडापर्यंतचं शेवटचं अंतर दुसरंच कुणीतरी विषाणूला आणून सोडतं. परवा बाजारातून परत आलेल्या अंड्यांच्या ट्रेंची थप्पी उचलली. पुठ्ठ्याचे ट्रे. चौथ्या ट्रेच्या खळग्याच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढी वाळलेली विष्ठा, त्यात अडकलेलं एक बारीक पांढरं पीस. ती कुठल्या गावच्या कोंबडीची, कोण सांगणार? गाडी तीन गावं फिरून आली होती. पुठ्ठा धुता येत नाही, आणि थंडीत ओलसर विष्ठेत हा विषाणू आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. ड्रायव्हर उतरतो तो त्याच चपलांनी थेट पिंजऱ्यांच्या गल्लीत येतो. खत भरायला येणारा ट्रॅक्टर तसाच. मेलेली कोंबडी आपण ओढ्यात टाकतो, तिथं कावळे आणि कुत्री. जानेवारी २०२५मध्ये उदगीरला कावळे पटापट मेले ते याच रोगानं, आणि त्याच्या थोडं आधी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. दूषित मांस खाल्लं की मांसाहारी प्राणी असे बळी पडू शकतात.

आता 'बदलतोय' या शब्दावर तुमचा मोठा आक्षेप आहे, तिथं जरा थांबतो.

खाद्याच्या पोत्याची शिवण तुम्ही रोज उसवता. बरोबर दोरा सापडला तर एका ओढीत सगळी शिवण सुटते, नाहीतर विळाच लागतो. या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, एच५एन१ या नावातला 'एच' तो हाच; 'एन' म्हणजे अंगावरचं दुसरं प्रथिन. ते एका ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य प्रकारात ते कापणारी विकरं फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, त्यामुळं कोंबडी जरा शिंकते, अंडी थोडी घटतात आणि गाडं पुन्हा चालू. पण त्या जागेवर थोडे बदल झाले की शिवणीचा सुटा दोरा वर येतो. मग मेंदू, काळीज, मूत्रपिंड, कुठल्याही अवयवात ती शिवण सुटते आणि आख्खं शेड दोन-तीन दिवसांत आडवं होतं. एच५ आणि एच७ या दोन गटांत हे घडतं.

हे पुस्तकातलं नाही. १९८३ला अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात एप्रिलमध्ये एच५एन२चा सौम्य प्रकार शेडांत आला. कोंबड्या फारशा मरत नव्हत्या. तो शेडाशेडांतून फिरत राहिला आणि ऑक्टोबरात तोच विषाणू मारक होऊन बसला. साथ आटोक्यात आणेपर्यंत १ कोटी ७० लाखांच्या वर पक्षी गेले. मारक रूप कुठल्या पाहुण्या पक्ष्यानं आणून दिलं नव्हतं. एका छताखाली हजारो कोंबड्या, प्रत्येकीत विषाणूच्या अगणित नकला, आणि नक्कल करताना झालेली चूक दुरुस्त करायची सोय या विषाणूत नाही. एक चूक त्याला लाभली, बास.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. याची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच कोंबडीत दोन जातींचे विषाणू एकदम शिरले तर त्या तुकड्यांच्या २५६ जोडण्या होऊ शकतात. जानेवारी २०२१मध्ये एकाच वेळी हिमाचलात एच५एन१ होता आणि केरळच्या बदकांत एच५एन८. एच तोच, एन दुसरा, असं याच अदलाबदलीनं होतं. म्हणून आपल्याकडं कायम घुटमळणाऱ्या सौम्य एच९एन२ला मी 'किरकोळ' म्हणत नाही. २०१३ला चीनमध्ये माणसं मारणाऱ्या एच७एन९ला आतली सहा जनुकं त्यानंच पुरवली होती. नवापूरच्या वेळचा आणि आजचा एच५एन१ नावानं एक आहेत, पण आजच्या एका शाखेनं २०२१च्या शेवटी अटलांटिक ओलांडला आणि २०२४ला ती अमेरिकेत दुभत्या गाईंच्या सडात पोचली. २००६ला हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लसीबद्दल तुमच्याशी मी अर्धा सहमत आहे. चीननं २०१७ला कोंबड्यांना एच७ची लस टोचली आणि माणसांतल्या एच७एन९च्या केसेस झपाट्यानं खाली आल्या. फ्रान्स ऑक्टोबर २०२३पासून बदकांना लस देतो. आपल्याकडं एच५च्या लसीला परवानगी नाही. पण मानमोडीची (राणीखेतची) लस टोचून मोकळं व्हावं तसं हे नाही. लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण विष्ठेतून विषाणू सोडत राहू शकते. म्हणजे मरतूक नाही, बोंब नाही, आणि विषाणू आतल्या आत बदलतोय. लसीबरोबर शेडांची सतत तपासणी करावी लागते, उदाहरणार्थ शेडात काही बिनलसीचे पक्षी ठेवून. ती यंत्रणा उभी करा आणि मग लस द्या, या मागणीवर तुमच्यासोबत सही करायला मी तयार आहे.

राहिलं मरतूक लपवण्याचं. ते वाक्य तुम्हाला लागलं. मी ते बाहेरून लिहिलेलं नाही. जानेवारी २०२१मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाल्याची बातमी आली त्याच आठवड्यात माझ्या शेडात पिंजऱ्यांच्या तिसऱ्या ओळीत सकाळी सत्तावीस कोंबड्या मेलेल्या सापडल्या. तुरे निळसर. मी डॉक्टरांना फोन केला तो दुसऱ्या दिवशी. मधल्या दिवसात ट्रेची गाडी आली आणि मी ती भरून पाठवली, कारण नाही म्हटलं असतं तर गावात बभ्रा झाला असता. नमुन्यांचा अहवाल मानमोडीचा आला. तो तसा आला नसता तर त्या गाडीनं पुढची किती शेडं बसवली असती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पण त्या दिवशी मी गप्प का बसलो, हे लेखात लिहायचं राहिलं, आणि चूक तिथं झाली. २०२१च्या दरानं मोठ्या लेअरला, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीला, भरपाई ९० रुपये. अठरा-वीस आठवडे पोटाला घालून अंड्यावर आणलेल्या पक्ष्याचं खाद्यसुद्धा त्यात निघत नाही. तीही सरकारनं मारलेल्या पक्ष्याची मिळते, आपोआप मेलेल्याची नाही. म्हणजे उशीर केला तर हातात काहीच पडत नाही, हे एका बाजूला खरं. दुसऱ्या बाजूला, फोन केला आणि रोग निघाला की बाधित जागेभोवती एक किलोमीटरपर्यंतच्या शेजाऱ्यांच्या कोंबड्याही जातात, आणि शेजारी तुमचं तोंड पाहत नाही. असा हिशोब समोर मांडून माणसानं पहिल्याच सकाळी फोन करावा अशी अपेक्षा असेल, तर दर वाढवायला हवा आणि पैसे महिनाभरात हातात पडायला हवेत.

'शेतकरी मरतूक लपवतात' हे वाक्य आज लेखातून काढलं. त्या जागी हा ९० रुपयांचा हिशोब आणि माझ्या सत्तावीस कोंबड्यांची हकिगत टाकली आहे. ट्रेबद्दलचं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.