ॲटलासवरचे साल आणि नकाशातली हद्द

जुन्या नकाशांच्या छायाचित्रांबरोबर एक विधान वारंवार फिरते. एकोणिसाव्या शतकात ॲटलासच्या प्रत्येक आवृत्तीसाठी नकाशे नव्याने काढले जात. त्यामुळे नकाशाखालचे साल हेच त्यातल्या सीमांचे साल, आणि त्या सीमा इतिहासग्रंथांशी जुळत नसतील तर ग्रंथच खोटे, असा त्याचा आशय. अमेरिकी ॲटलास समोर ठेवले तर यातला एकही भाग टिकत नाही.

‘नव्याने काढले जात’ हे तर खर्चाच्या हिशेबातच बसत नाही. नकाशा तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर उलटा कोरावा लागे आणि त्या कामाला महिनोन्महिने लागत, त्यामुळे सीमा बदलली म्हणून पत्रा कोणी मोडीत काढत नसे. तांब्यावरची जुनी रेघ खरवडून काढत, तिथे पडलेला खळगा मागून ठोकून वर आणत, पृष्ठभाग घोटत आणि नवी रेघ कोरत. नीट न घोटलेल्या जागी जुन्या रेघेची पुसट सावली छापातही उतरे. कित्येकदा एवढेही करावे लागत नसे. प्रदेशांचे रंग छपाईनंतर हाताने भरले जात असल्यामुळे कुंचल्याची वाट बदलली की राज्याचा आकार बदले. जर्मनीत गोथा येथे निघालेला श्टीलरचा ॲटलास तर १८१७ ते १८२३ या काळात हप्त्याहप्त्याने आला; अशा एका बांधणीत निरनिराळ्या वर्षांची पाने शेजारी बसतात.

सालाची गोष्ट याहून फसवी आहे. अमेरिकी नकाशांच्या तळाशी ‘काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) कायद्यानुसार अमुक साली नोंद’ असा मजकूर असतो. ते स्वामित्वहक्काच्या नोंदणीचे साल असून, पत्र्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या तरी ते पुष्कळदा तसेच राही. मार्च १८६३ मध्ये निर्माण झालेला आयडाहो प्रदेश १८६० च्या नोंदीच्या नकाशावर दिसला, तर ते गूढ नव्हे, दुरुस्ती आहे. या आयडाहोत आजचा माँटाना आणि जवळजवळ सारा वायोमिंग सामावलेला होता. मे १८६४ मध्ये माँटाना वेगळा झाला. म्हणून अखंड आयडाहो दाखवणारा नकाशा मार्च १८६३ नंतर दुरुस्त झाला असे म्हणता येते. तो मे १८६४ पूर्वीच छापला असे मात्र म्हणता येत नाही, कारण जुन्या पत्र्यावरून छपाई पुढेही चालू शके.

आता न जुळणाऱ्या सीमांविषयी. १८६० च्या आसपासच्या काही नकाशांत ॲरिझोना हा न्यू मेक्सिकोचा दक्षिणेकडचा आडवा पट्टा म्हणून दिसतो. तसा वेगळा प्रदेश निर्माण करावा अशी मागणी होती, आणि प्रकाशकांना स्पर्धकाच्या आधी ताजा नकाशा बाजारात आणायचा होता. काँग्रेसने फेब्रुवारी १८६३ मध्ये ॲरिझोना प्रदेश निर्माण केला तो मात्र पूर्व-पश्चिम विभागणी करून, म्हणजे उभ्या रेषेने. आडवा पट्टा त्या काळची मागणी दाखवतो. अमेरिकी कायद्याने त्याला कधीच मान्यता दिली नव्हती.