एअर ग्राइंडर खोलायचा की भंगारात द्यायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दीड हजारात नवा चायना एअर ग्राइंडर (कंप्रेसरच्या हवेवर चाक फिरवून लोखंड घासायचं-कापायचं मशीन) मिळतो, जुना खोलत बसणं म्हणजे रिकामटेकडे धंदे, जोर कमी पडला तर दोष कंप्रेसरचा, आणि तरीही खोललाच, तर गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) काढून टाका, मशीन जोरात पळते.

कंप्रेसरचं म्हणाल तर अर्धं पटलं. टाकीच्या घड्याळात ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसतं, पण लांब, बारीक पाइपातून ग्राइंडरपर्यंत येता येता त्यातलं बरंच गळून जातं. म्हणून ट्रिगर दाबलेला असताना ग्राइंडरच्या तोंडाशी प्रेशर मोजायचं, तिथली जाळी साफ करायची. एवढं करूनही चाक लोखंडाला टेकताच मशीन बसत असेल, तर दुखणं आतलं आहे.

आत रोटरच्या (फिरणाऱ्या गाभ्याच्या) खाचांमध्ये पत्त्या (पातळ पट्ट्या) सैल बसवलेल्या असतात. रोटर फिरला की त्या बाहेर फेकल्या जातात, सिलिंडरला टेकतात आणि हवा अडवतात. आपल्या विदर्भातल्या पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी टाकीत साठतं. रोज निचरा केला नाही की ते ग्राइंडरात उतरतं. त्यात कुणीतरी ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल ओतलेलं असतं (ओततातच!), आणि पत्त्या खाचांत चिकटून बसतात. अशा मशीनला सुटा भाग एकही लागत नाही. रॉकेलनं धुवा, नीट वाळवा, एअर टूलचं पातळ तेल चार थेंब सोडा. हा रिकामटेकडा धंदा कसा, सांगा बरं?

पत्त्या झिजल्या असतील तर पूर्ण सेट बदला. एंड प्लेटवर (सिलिंडरच्या टोकाच्या झाकणावर) हलके चरे असतील तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासा. सिलिंडरच्या आत मात्र नखाला ओरखडा लागला, तर तुमचंच खरं. भंगारात द्या.

गव्हर्नरवर मात्र भांडणार. चाक रिकामं फिरतं तेव्हा तो हवा आवळतो. भार आला की स्वतःच मोकळी सोडतो. म्हणजे काढून कामाच्या वेळी जोर वाढत नाही, वाढतो तो रिकामा वेग. चार इंची कटिंग चाकावर बहुधा १५,३०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) मर्यादा छापलेली असते. त्यापुढे गेलेलं चाक फुटलं, तर तुकडे तोंडावर येतात. जोडणी झाल्यावर चाक न लावता टॅकोमीटरनं वेग मोजा, बॉडीवरच्या आकड्याशी ताडा, जास्त भरला तर वापरू नका.

मे महिन्यात वखर-डवऱ्यांच्या कामाची गर्दी असते, घाईत कुणी तुमचं ऐकेल. म्हणून तुमच्या प्रतिक्रियेखाली गव्हर्नरच्या ओळीपुरता इशारा जोडला आहे. बाकी एक शब्दही काढलेला नाही.