सोमवारी मेनू गेला

शुक्रवारी संध्याकाळी संगणक बंद केला तेव्हा मी ऑफिसातला वर्डचा जाणकार होतो. सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी एक साधं पत्र छापता न येणारा इसम होतो. मधल्या दोन दिवसांत माझ्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. शनिवारी आयटीवाला मुलगा येऊन सगळ्यांच्या मशीनवरची मायक्रोसॉफ्ट ऑफिसची २००३ची आवृत्ती काढून २००७ची बसवून गेला होता, एवढंच.

'जाणकार' ही पदवी मी स्वतः लावून घेतली नव्हती, लोकांनी दिली होती. मजल्याच्या पार त्या टोकाहून आवाज यायचा, "सर, पानांचे नंबर कुठून टाकायचे?" आणि मी मान वर न करता म्हणायचो, "इन्सर्ट, पेज नंबर्स." यात मान वर न करणं फार महत्त्वाचं. मान वर करून उत्तर देणाऱ्याला लोक मदतनीस समजतात, न करणाऱ्याला तज्ज्ञ. एक्सेलमध्ये मथळ्याची ओळ गोठवायची? "विंडो." दुरुस्त्या लाल रंगात दिसायला हव्यात? "टूल्स." पानाच्या डोक्यावर नाव हवंय? "व्ह्यू." पानाच्या डोक्यावर नाव घालणं हे 'बघण्या'च्या मेनूत का असावं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधीच पडला नाही. पोस्टमन कुठे विचारतो, तुम्ही इथे का राहता म्हणून? पत्ता पाठ असला की झालं.

तर त्या सोमवारी सगळेच पत्ते बदलले.

वर्ड उघडलं. जिथे फाइल, एडिट, व्ह्यू अशी शहाण्यासारखी एक ओळ असायची, तिथे निळसर रंगाचा जाडजूड पट्टा पसरला होता. होम, इन्सर्ट, पेज लेआउट, रेफरन्सेस, मेलिंग्ज, रिव्ह्यू, व्ह्यू. त्यातली दोन-तीन नावं ओळखीची वाटली म्हणून आत गेलो, तर नाव तेच आणि बिऱ्हाड भलतंच. पानाच्या डोक्यावरचं नाव आता 'इन्सर्ट'मध्ये राहायला गेलं होतं. दुरुस्त्या 'रिव्ह्यू'त गेल्या होत्या. आणि 'फाइल' नव्हतीच. कुठेही नव्हती.

साहेब दारात उभे. "पत्र झालं?"

"झालंय सर, फक्त छापायचंय."

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चकचकीत गोल बिल्ला होता. मी त्याला शिक्का समजलो. एखाद्या वस्तूवर बनवणाऱ्याचा शिक्का असतोच. त्यावर बोट ठेवून कोणी ती वस्तू चालू होण्याची वाट बघत नाही. म्हणून तो बिल्ला सोडून मी बाकी सगळीकडे क्लिक केलं. त्या भरात पत्राला एक वॉटरमार्क लागला, पान आडवं झालं आणि एका परिच्छेदाभोवती चौकट आली. साहेब शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "कंट्रोल-पी दाबून बघा ना."

साहेब. जे स्वतःचे ईमेल छापून घेऊन वाचायचे, त्यांच्याकडून मला कंट्रोल-पी ऐकावं लागलं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस घाबरला की त्याला स्वतःचा फोन नंबरसुद्धा आठवत नाही.

पत्र आडवं छापलं गेलं.

तो बिल्ला म्हणजे बटण आहे आणि त्याच्या पोटात 'फाइल' आहे, हे दुपारी कळलं. हिशेबाच्या बाईंचा चुकून त्यावर क्लिक पडला आणि मजलाभर "सापडलं, सापडलं!" असा गलका झाला. आत सगळं होतं: उघडा, साठवा, छापा. अगदी तळाशी शेजारी शेजारी दोन छोटी बटणं होती, एक 'वर्डची सेटिंग्ज' अशा अर्थाचं आणि दुसरं 'वर्डमधून बाहेर पडा' अशा अर्थाचं. पहिल्या आठवड्यात सेटिंग्जमध्ये जायला निघालेला मी किती वेळा थेट रस्त्यावर आलो, ते मोजलं नाही. (पुढे २०१०च्या आवृत्तीत तो बिल्ला काढून 'फाइल' पुन्हा आपल्या जागी आणून बसवली. मी तोवर अडीच वर्षं घालवून बिल्ल्याची सवय लावून घेतली होती. नंतर कित्येक दिवस माझा हात त्या कोपऱ्यात जाऊन नुसताच घुटमळायचा.)

त्या सोमवारी मला जिची सर्वांत जास्त आठवण झाली, ती म्हणजे पडद्यावरची मदतनीस पेपरक्लिप. ऑफिस ९७पासून ती डोळे मिचकावत कोपऱ्यात उभी असायची. "तुम्ही पत्र लिहिताय असं दिसतंय, मदत करू का?" असं विचारून तिने मला वर्षानुवर्षं छळलं. मी तिला हाकललं, लपवलं, तिच्यावर ओरडलोसुद्धा. आता मी खरोखरच पत्र लिहीत होतो, मला खरोखरच मदत हवी होती, आणि नेमकी याच आवृत्तीतून तिला कायमची रजा दिलेली होती.

आठवडाभराने अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेला गृहस्थ सज्जन होता, पण "हे अगदी इंट्युइटिव्ह आहे" हे वाक्य तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा. ज्याला जमतं त्याला इंट्युइटिव्ह. ज्याला जमत नाही त्याला आपण मंद आहोत हे नव्याने कळतं. मात्र त्याने या बदलामागचं कारण सांगितलं, ते मला मान्य करावं लागलं. पहिल्यावहिल्या वर्डमध्ये शंभराच्या आसपास आज्ञा होत्या. २००३ येईपर्यंत त्या १५००च्या वर गेल्या. टूलबारच ३१ झाले होते. मेनू इतके लांबले, की ऑफिस २०००मध्ये न वापरलेल्या आज्ञा आपोआप लपवायची युक्ती काढली गेली. मग मेनू उघडून, खालच्या बाणावर टेकून, लपलेल्यांना बाहेर यायची विनंती करावी लागायची. लोक नव्या सोयी मागायचे आणि त्यातल्या बऱ्याच आधीपासून आतच असायच्या. म्हणून मग सगळं घर उपसून कामाप्रमाणे लावायचं ठरलं, आणि त्या मांडणीला 'रिबन' असं नाव दिलं. फितीचं नाव ऐकून काहीतरी नाजूक असेल असं वाटतं. प्रत्यक्षात माझ्या त्या वेळच्या छोट्या मॉनिटरचा वरचा चांगला मोठा तुकडा त्या फितीनेच व्यापला होता.

आणखी एक आकडा त्याने सांगितला, तो माझ्या मनात घर करून बसला. लोकांच्या संमतीने गोळा केलेल्या वापराच्या नोंदींनुसार वर्डमध्ये सर्वांत जास्त वापरली जाणारी आज्ञा म्हणजे 'पेस्ट'. एकूण आज्ञांपैकी सुमारे ११ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरच्या 'सेव्ह'च्या दुपटीहून जास्त. म्हणजे १५०० आज्ञांचा हा सगळा दरबार, आणि प्रजा येऊन करते काय, तर दुसरीकडचं उचलून इथे चिकटवते. म्हणूनच नव्या पट्ट्यात 'पेस्ट'चं बटण पहिल्या जागी, सर्वांत मोठं आहे. मानाचं पान, दुसरं काय.

तरी यातलं सगळ्यात कठीण काम शिकणं नव्हतंच. कठीण होतं फोनवरून शिकवणं.

दुसऱ्या शाखेतल्या एक बाई माझ्या जुन्या कीर्तीवर विसंबून फोन करायच्या. त्यांना अहवालातल्या फोटोच्या कडा कापायच्या होत्या.

"वर 'फॉरमॅट' असं लिहिलेलं दिसतंय का?"

"नाही हो सर. होम आहे, इन्सर्ट आहे…"

"असू दे. फोटोवर एकदा क्लिक करा. आता?"

"अय्या! आलं. हे कुठून आलं?"

"ते फोटोवर क्लिक केलं की येतं. आता त्याच्यावर क्लिक करा."

"थांबा, चष्मा घेते… अहो सर, गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. मी मजकुरात क्लिक केलं ना, तर गेलं."

"पुन्हा फोटोवर क्लिक करा."

"आलं… सर, आता कुठलाही फोटो चालेल का? हा साहेबांचा आहे."

टॅब प्रसंग पाहून प्रकट होतो आणि प्रसंग संपला की अंतर्धान पावतो, हे फोनवरून समजावताना मला स्वतःलाच आपण मांत्रिक झाल्यासारखं वाटायला लागलं. पुढचा घोळ मला नंतर कळला: हा पट्टा खिडकीच्या रुंदीप्रमाणे अंग चोरतो. माझ्या पडद्यावर जे मोठं बटण, ते बाईंच्या लहान पडद्यावर नुसतं चित्र, आणि खिडकी आणखी अरुंद केली तर अख्खा गट एकाच बटणात दुमडून बसतो. "उजवीकडून तिसरं" असं मी सांगायचो आणि त्यांचं तिसरं वेगळंच निघायचं. पस्तीस मिनिटांनी फोटो कापला गेला. त्यात साहेबांचा एक कानही गेला, पण बाई म्हणाल्या राहू दे.

एकदा तर माझाच पट्टा गायब झाला. फक्त टॅबची नावं उरली, खालचं सगळं साफ. मी दीड दिवस तसंच काम केलं. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, आणि बाकी नशीब. येणारेजाणारे कौतुकाने बघायचे, यांना बटणं लागतच नाहीत. टॅबवर चुकून दोनदा क्लिक केलं की पट्टा मिटतो आणि कंट्रोल-एफ१ दाबलं की उघडतो, हे कळल्यावर मी तो गुपचूप उघडला. कोणाला काही बोललो नाही.

बाकीचे त्रास पटकन सांगतो. नवी फाइल डॉक-एक्स म्हणून साठायची, जुनी आवृत्तीवाले "उघडत नाही" म्हणून परत पाठवायचे, मग जुन्या पद्धतीने साठवून पुन्हा पाठवायची. एक्सेलच्या ओळी ६५,५३६ होत्या त्या १०,४८,५७६ झाल्या. माझी आजवरची सर्वांत लांब यादी चारशे ओळींची आहे, पण कर्सर चुकून तळाला गेला की आपण किती क्षुद्र आहोत ते कळतं. आणि नव्या पानावर प्रत्येक एंटरनंतर आपोआप मोकळी जागा सुटायची. त्यामुळे पत्त्याच्या चार ओळी चार दिशांना तोंडं करून बसल्यासारख्या दिसायच्या, आणि एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर जायचं. त्या दुसऱ्या पानावर एकटंच 'आपला विश्वासू'. इतका केविलवाणा विश्वासू मी दुसरा पाहिला नाही.

मी शोधलेला उपाय फारसा अभिमानास्पद नव्हता. अगदी वर एक छोटी पट्टी असते, तिच्यात आपल्या आवडीची बटणं ठेवता येतात. मुळात तिथे तीनच होती. मी छापायचं ठेवलं, उघडायचं ठेवलं, मग एकेक करत बावीस बटणं बसवली. मागे सरून बघतो तर मी २००३चा टूलबार हाताने पुन्हा बांधला होता.

याच सुमारास एक नवा मुलगा कामाला लागला. त्याने जुनी आवृत्ती पाहिलेलीच नव्हती. त्याला काही हरवलेलं नव्हतं, त्यामुळे तो काही शोधतही नव्हता. जे समोर दिसायचं ते दाबायचा. मेल मर्ज, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने काढणं, ज्याला मी एके काळी विधी केल्यासारखा अर्धा तास लावायचो, त्याने मेलिंग्जच्या टॅबवर डावीकडून उजवीकडे जात सात मिनिटांत उरकलं. मजल्याच्या टोकाहून येणारे प्रश्न हळूहळू त्याच्या टेबलाकडे वळले. तो उत्तर देताना मान वर करायचा, हसायचासुद्धा. आणि मला तो पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणायचा. त्याचं बघून बाकीचेही म्हणायला लागले. मेनू गेला ते मी सोसलं. त्याच्याबरोबर 'सर'ही गेलं.

एकदा महिनाअखेरीला त्याच्या खुर्चीत बसून मी एक्सेलमधला तक्ता दुसऱ्या पानावर नेत होतो. सूत्रं नकोत, फक्त आकडे हवेत. तो मागे उभा राहून सांगत होता, "काका, होमवर जा. पेस्टच्या खालचा बाण. नाही, बटण नाही, त्याच्या खालचा…" मी ऐकत होतो, पण बोटं ऐकत नव्हती. त्यांनी आपलं आपण आल्ट दाबलं. टॅबवर बारकी अक्षरं उगवली. मग ई. पडद्यावर एक छोटी चौकट आली, तिच्यात लिहिलं होतं की ऑफिस २००३च्या मेनूची अक्षरं पुढे दाबत राहा, किंवा रद्द करायला एस्केप दाबा. मी ती वाचेपर्यंत बोटांनी एस, व्ही आणि एंटर उरकलं होतं. आकडे जागेवर.

दोघंही गप्प.

"काका, हे कुठून केलंत?"

"एडिटमधून."

तो वाकून पट्टा न्याहाळायला लागला. होमपासून व्ह्यूपर्यंत बोट फिरवलं. "एडिट कुठाय?"

"नाहीये."

"मग चाललं कसं?"

मला काय ठाऊक! कुणीतरी मेनू पाडताना त्याचं जोतं तसंच ठेवलं होतं आणि माझ्या बोटांना ते अंधारात लागलं होतं. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा झालं. मग आल्ट, ओ, सी, ए केलं. सगळे रकाने आपापल्या मजकुराच्या मापाचे झाले. आल्ट, आय, आर. एक ओळ वाढली. मला ही अक्षरं येतात हे मलाच माहीत नव्हतं. तोंडाने विचारली असती तर एकही सांगता आलं नसतं.

त्याने खिशातून पेन काढलं आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर 'आल्ट ई एस व्ही' लिहून ती मॉनिटरच्या कडेला चिकटवली.

"काका, असली अजून आहेत का?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि मान वर न करता म्हणालो, "लिहून घे."