बाण उलटा असला तरी 'सील तेच आहे'

काल पुण्याच्या नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका काउंटरवर मला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या उजव्या ॲक्सलचे सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी, म्हणून चक्क डाव्या बाजूचे सील देण्यात आले. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियर या मापयंत्रावर तंतोतंत जुळत होती. परंतु सीलवर उठवलेला बाण नेमका उलट्या दिशेचा होता. तो बाण शोभेसाठी नसतो. सीलच्या ओठाजवळच्या, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेजवळच्या, बारीक तिरप्या रेघा फिरत्या शाफ्टवरचे तेल आत परत ढकलतात, आणि शाफ्ट उलट्या दिशेने फिरला की त्याच रेघा तेल बाहेर ओढतात. हे मी बोट ठेवून दाखवले, तर दुकानदार म्हणाला, "बाण कशाला बघता साहेब, माप बघा, सगळे हेच नेतात." एवढे बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दिवसभर सील विकणाऱ्या माणसाला सीलवरचा बाण ठाऊक नसावा, आणि ठाऊक करून दिल्यावरही त्याने तो झिडकारावा, याचा मला कालपासून संताप येतो आहे.

रबर कोणते, हा प्रश्न तर या बाजारात विचारण्याची सोयच राहिलेली नाही. काळे ते साधे आणि तपकिरी ते व्हायटॉन, म्हणजे जास्त उष्णता सोसणारे रबर, असे ठणकावून सांगितले जाते. रंग कोणत्याही रबरात घालता येतो, हे सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतात. गिअरबॉक्सचे तेल एरवीच ऐंशी-नव्वद अंशांवर असते आणि भरलेल्या गाडीने कात्रजचा घाट चढताना ते त्याहून तापते. तिथे नायट्राइल, म्हणजे ते साधे रबर, हळूहळू कडक होते, ओठाची पकड जाते आणि खाली गळलेल्या तेलाचा तांबडा डाग दिसू लागतो. त्यातच 'हे तेल जन्मभर बदलायचे नसते' असे छातीठोकपणे सांगणारे सल्लागार भेटतात, ज्यांच्या कृपेने जळके तेल वर्षानुवर्षे त्याच रबराला भाजत राहते.

कंपनीच्या सेवा केंद्राचा अनुभव याहून चीड आणणारा आहे. त्यांच्याच पडद्यावरच्या आकृतीत प्रत्येक ओ-रिंग, प्रत्येक पिस्टन सील क्रमांकासह वेगळे दाखवलेले असते, आणि तरीही "सुटे येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल" हेच उत्तर मिळते. काहीशे रुपयांच्या रबरासाठी लाखाच्या घरातला खर्च सुचवताना त्या माणसाचा आवाज जरासुद्धा अडखळत नाही. "दिल्लीहून, काश्मिरी गेटहून मागवून देतो" म्हणणारे आगाऊ पैसे घेतात आणि मग फोन उचलत नाहीत. बाहेरून ओव्हरहॉल किट, म्हणजे गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करताना लागणाऱ्या सील-गॅस्केटांचा संच, मागवावा, तर गिअरबॉक्सच्या पट्टीवरचा कोड न विचारता केवळ गाडीचे नाव आणि साल पाहून तो पाठवला जातो. त्यात नको असलेल्या कागदी गॅस्केटांचा ढीग असतो आणि हव्या त्या टेफ्लॉन रिंगा नसतात.

"सिलिकॉन लावून टाका, गळणार नाही" असे सांगणाऱ्या मिस्त्रींना तर मी गाडीला हातसुद्धा लावू देत नाही. त्या सिलिकॉनचे तुकडे सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये अडकले, की चांगला गिअरबॉक्सही हातचा जातो.

टॉर्क कन्व्हर्टरचे, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे, सील बदलायला संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, हे विकणाऱ्याला पक्के माहीत असते. चुकीचे सील बसले तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी आपण पुन्हा भरायची. त्याची जबाबदारी मात्र सीलच्या किमतीपुरतीसुद्धा नसते. म्हणून मी बिलावर पार्ट नंबर, रबराचा प्रकार आणि बाजू लिहून मागतो, आणि दर वेळी 'ऑइल सील, नग एक' एवढेच लिहिलेला कागद हातात पडतो. कालही मी आग्रह धरला, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस सरळ म्हणाला, "नंबर लिहिला की तुम्ही परत घेऊन येणार."