घोडबंदरकर साहेबांना उत्तर : 'घरबसल्या' या शब्दाबद्दल

घोडबंदरकर साहेब,

मागच्या लेखात मी बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याबद्दल आणि देशभरातल्या पुढच्या सात दिवसांच्या धोक्याबद्दल लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्या मते सात दिवस आधीचा अंदाज म्हणजे थोतांड आणि 'तुरळक ठिकाणी' ही पळवाट. ऑरेंज अलर्ट पाहून तुम्ही भाचीचा साखरपुडा लॉनवरून हॉलमध्ये हलवलात आणि थेंबही पडला नाही. शेवटी लिहिलंत, "तुमच्यासारख्यांनी घरबसल्या पांडित्य झाडू नये."

एक चूक मान्य. नकाशावर ०० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र, अशी वेळ होती, ती मी तशीच ठेवली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, हे लिहायला हवं होतं. दुरुस्त केलं आहे.

आता 'घरबसल्या'. २६ जुलै २००५ ला मी घरी बसलेलो नव्हतो, कुर्ल्यात होतो. लोकल बंद पडल्यावर एलबीएस रोडने चालत निघालो. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. कमरेएवढ्या पाण्यात पुढच्या अनोळखी माणसाची बॅग धरून चालायचं, माझी बॅग मागच्याने धरलेली. ठाण्यात कोपरीला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आमचं घर तळमजल्यावर. आई दोरीवर कपड्यांऐवजी कागद वाळत घालत होती. वडिलांच्या नोकरीच्या कागदांवरची शाई धुऊन गेली होती, नुसते निळे डाग राहिले होते. त्या दिवशीची सांताक्रूझची नोंद ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याची ७३. एकाच शहराची ही दोन टोकं. हे आकडे मी पुस्तकातून पाठ केलेले नाहीत साहेब, ते माझ्या अंगावर पडलेले आहेत.

पुढच्याच वर्षी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून मीही साडेआठलाच मोजतो. ओल्या हाताने शाई फुटते म्हणून शिसपेन्सिलने लिहितो. ताप असताना बायकोने छत्री धरली आहे, पण पावसाळ्यातला एक दिवस चुकवलेला नाही. याला तुम्ही घरबसल्या म्हणता? मतभेद असू शकतात, पण चार ओळी खरडून कुणाची एवढ्या वर्षांची मेहनत पुसायची, ही कुठली रीत?

आणि तुमच्या त्या 'थेंबही नाही'च्या दिवसासमोर माझ्या वहीत ११.४ मिलिमीटर आहे. घोडबंदर कोरडं, कोपरी ओली. तरी तुम्ही सात दिवस आधी लॉनचा हिशेब मागता! तो मी लेखात दिलेलाच नव्हता. तीन ते दहा दिवसांच्या अंदाजातून पट्टा कळतो, गल्ली कळत नाही. सुरुवातीच्या नोंदींत बारीक फरक करून हवामानाचं तेच संगणकीय मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. बहुतेक उत्तरं एकाच बाजूला झुकली की भरवसा वाढतो, विखुरली की कमी होतो. नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र १९८८ पासून याच कामासाठी आहे. ऑरेंजचा अर्थ 'तयारीत राहा' एवढाच. तुम्ही तयारीत राहिलात, मग फसवलं कुणी?

थोतांड म्हणताना ओडिशाकडे तरी बघायचं. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिनच्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवलं होतं, मृत्यू काही डझनांवर थांबले. इशारा वेळेवर मिळाला म्हणूनच माणसं हलवता आली. कुर्ल्याहून निघालो त्या दिवशी मला कुणी दोन तास आधीही काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितो, आणि लिहीत राहणार.

'तुरळक' म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. व्याख्या छापील आहे, वाचून घ्या. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही.

पुढच्या वेळी अंदाज चुकला तर तारखेसकट लिहा, मी वही उघडून उत्तर देईन. 'पांडित्य' वगैरे शब्द मात्र इथे चालणार नाहीत.

भाचीला शुभेच्छा.