कार्बोरेटरमधलं पेट्रोल रात्रीत टाकीत परत जात नाही

जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि थंडी पडली की हमखास वर येतो. मजकूर थोडक्यात असा: "पद्मिनी, अँबॅसडर, जुनी ८०० सकाळी दहा-दहा सेल्फ मारल्याशिवाय उचलत नाही? रात्री कार्बोरेटरमधलं पेट्रोल टाकीत परत जातं. पंपाच्या पुढे वन-वे व्हॉल्व्ह टाका. तरी फरक पडला नाही तर इलेक्ट्रिक पंप लावा. हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल उडूनच जातं, त्याला इलाज नाही. तोवर सकाळी एअर फिल्टर काढून वरून झाकणभर पेट्रोल ओता."

एवढे सगळे सल्ले, पण कार्बोरेटर खरंच रिकामा आहे का ते आधी बघा, असं कुठेच नाही.

"पेट्रोल टाकीत परत जातं"

कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडून पाहिलं की हा मुद्दा तिथेच संपतो. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल वरून येतं. चेंबर भरला की पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह झाकणात बसलेला असतो, पेट्रोलची पातळी त्याच्या खाली आणि मध्ये हवा. नळाखालच्या बादलीतलं पाणी पुन्हा नळात चढत नाही, तसंच हे.

परत जाऊ शकतं ते पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीतलं पेट्रोल. आतून सहा मिलिमीटरची, चार मीटर लांबीची नळी धरली तर त्यात ११० मिलि मावतं, म्हणजे आकडा लहान नाही. पण नळी रिकामी आणि चेंबर भरलेला असेल, तर गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. चेंबरमध्ये साधारण ५० मिलि पेट्रोल असतं. हजार सीसीच्या आसपासचं इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) तासाला पाऊण लिटर धरलं तर मिनिटाला १२ मिलि पितं. म्हणजे निदान दोन मिनिटं ते आरामात चालेल, आणि तेवढ्यात पंप नळी भरून घेईल. आयडलच्या ८०० फेऱ्यांना कॅमशाफ्ट पंपाला मिनिटाला ४०० झटके देतो. सेल्फवर इंजिन दीड-दोनशे फेऱ्यांनीच फिरतं, त्यामुळे दहा सेकंदांच्या सेल्फमध्ये पंपाला पंधराएक झटके मिळतात. सकाळच्या दहा सेल्फचं गणित हे आहे. पण चेंबर भरलेला असेल तर नुसत्या रिकाम्या नळीमुळे ही तक्रार येत नाही. सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडणारी गाडी असेल तर मात्र संशय नळीवर आणि पंपावर घ्या.

तेव्हा पहिली तपासणी सकाळी, सेल्फ मारायच्या आधी. एअर फिल्टरचं झाकण काढा, घशात टॉर्च मारा आणि थ्रॉटलची दांडी हाताने एकदा पूर्ण फिरवा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या (थ्रॉटल उघडताच जास्तीचं पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरमधला छोटा पंप) बारीक नळीतून पेट्रोलची धार आली, तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि दोष चोक, प्लग, पॉइंट किंवा बॅटरीत शोधायचा. सुझुकीच्या काही कार्बोरेटरांना पातळी दाखवणारी काच असते, तिथे एवढंही करावं लागत नाही. धार आली नाही तरी लगेच निकाल देऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या व्हॉल्व्हची गोळी चिकटली असेल तर भरल्या चेंबरमधूनही धार येत नाही. सिरिंजने ३० मिलि पेट्रोल चेंबरच्या व्हेंटमधून (हवेच्या भोकातून) आत सोडा, चोक ओढा आणि सेल्फ मारा. पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलली, तर चेंबर रिकामाच होता.

मग पेट्रोल जातं कुठे?

मेसेजमध्ये हा प्रश्नच नाही, आणि खरं काम इथेच आहे.

एक वाट तळातून. सोलेक्स जातीच्या बऱ्याच कार्बोरेटरांत मेन जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचा) पितळी बोल्ट चेंबरच्या खालच्या बाजूला बाहेरून बसतो, त्याखाली फायबरचं वायसर. ते वायसर एकदा दाबलं गेलं की त्याचं काम झालं. जेट साफ करून जुनंच परत लावलं की थेंब-थेंब गळतं. बाजूच्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम कडक होऊन चिरला तरी तेच. अशी गळती सकाळी ओली सापडत नाही, कारण गरम इंजिनावर पडलेलं पेट्रोल लगेच वाळतं. मागे उरतो तो तपकिरी, चिकट डाग. बोटाने खरवडला तर लाखेसारखा निघतो. एसयू जातीच्या कार्बोरेटरात चेंबरच्या तळातून जेटकडे जाणारी नळी असते. तिथे आधी नळीचं टोक आणि जेटचं सील बघा.

दुसरी वाट आतून, आणि ती जास्त त्रासदायक. आयडलच्या वाटेत पेट्रोल वर चढून मग थ्रॉटलच्या खाली उतरतं. त्या वाटेत एअर ब्लीडचं बारीक भोक असतं. इंजिन बंद झाल्यावर तिथून हवा शिरते आणि धार तुटते. ते भोक धुळीने किंवा वाळलेल्या पेट्रोलने बुजलं की धार तुटतच नाही. पिंपातून नळी लावून रॉकेल काढतात तसं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांत, उतरत राहतं. कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबाने भोक साफ करा, तार घालू नका. तारेने भोक मोठं झालं की आयडल कायमचा बिघडतो.

आतून गळणारं पेट्रोल पिस्टनवरून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, पोचू शकतं. म्हणून दुसरं काही करण्याआधी ऑइलची पट्टी काढून हुंगा. पातळी वाढलेली असेल, पेट्रोलचा वास येत असेल आणि थेंब पट्टीवर न रेंगाळता पाण्यासारखा पडत असेल, तर गाडी सुरू करू नका. गळती काढा, ऑइल आणि फिल्टर बदला, मग किल्ली फिरवा.

गळती आहे की नाही हे ठरवायला कार्बोरेटर काढून वर्तमानपत्रावर सपाट ठेवा, ४० मिलि पेट्रोल मोजून भरा आणि आठ तास तसाच राहू द्या. जागा हवेशीर हवी. देवघर, गॅस आणि इन्व्हर्टरपासून लांब. मग सिरिंजने उरलेलं मोजा. पस्तीसच्या आसपास असेल तर बॉडी ठीक आहे, दोष उष्णतेत किंवा आयडलच्या एअर ब्लीडमध्ये. दहा-पंधराच उरलं असेल तर कागदावरचा डाग कुठे पडलाय ते बघा.

"वन-वे व्हॉल्व्ह टाका"

डायफ्रामच्या मेकॅनिकल पंपात असे दोन व्हॉल्व्ह आधीच असतात, एक येणाऱ्या आणि एक जाणाऱ्या बाजूला. नळी रात्रीत रिकामी होत असेल तर एकतर येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह बसत नाही, किंवा टाकीकडच्या रबरी पाइपातून हवा शिरतेय. पंपाची आत येणारी नळी काढून तोंडावर अंगठा दाबा आणि हाताची लिव्हर असेल तर ती दोन-तीनदा चालवा. ओढ काही सेकंद टिकली पाहिजे. टिकत नसेल तर पंपाचं किट टाका.

मेसेज सांगतो तसा पंपाच्या पुढे, म्हणजे पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये, व्हॉल्व्ह टाकला तर उलटंच होतं. इंजिन बंद केल्यावर त्या तुकड्यातलं पेट्रोल तापून फुगतं, मागे जायची उरलीसुरली वाटही बंद झालेली असते, मग ते निडलला ढकलून आत शिरतं आणि गाडी ओव्हर होते, म्हणजे इंजिनात नको तेवढं पेट्रोल जातं. सकाळी उचलत नव्हती ती आता दुपारीही उचलत नाही.

"इलेक्ट्रिक पंप लावा"

लक्षण जातं, हे खरं. किल्ली फिरवून थोडं थांबलं की चेंबर भरतो. पण जिथून पेट्रोल जात होतं ती वाट तशीच राहते, आणि ती वाट सम्पमध्ये जात असेल तर मालकाला कळतही नाही. शिवाय दुकानात सहज मिळणारा पंप बहुधा इंजेक्शनच्या गाडीचा असतो, अडीच-तीन बारचा. कार्बोरेटरच्या निडलला साधारण ०.२ बार झेपतं. लावायचाच असेल तर कमी दाबाचा लावा आणि इंजिन थांबताच पंप बंद होईल असं ऑइल प्रेशर स्विचचं कनेक्शन करा. नाहीतर अपघातात नळी तुटली तरी पंप पेट्रोल ओतत राहील. पंपाला हाताची लिव्हर असेल तर सकाळी बॉनेट उघडून ती चेंबर भरेपर्यंत हलवली तरी तेच काम फुकटात होतं.

"इथेनॉलमुळे उडून जातं"

यात अर्धं खरं आहे. पेट्रोल इथेनॉलच्या आधीही उडत होतं. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळायला लागतात. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि पुढचा अर्धा तास कार्बोरेटर चढत्या तापमानात शेकत राहतो. त्यात दहा-वीस मिलि जाणं नवलाचं नाही. १० टक्के इथेनॉलने बाष्पदाब थोडा वाढतो, पण २० टक्क्यांना तो आणखी चढत नाही. एका रात्रीत तळ दिसत असेल तर इथेनॉलला एकट्याला दोष देता येत नाही. इथेनॉलचा खरा त्रास जुन्या रबराला होतो. डायफ्राम, पाइप आणि सील फुगतात, मग चिरतात. किट घेताना इथेनॉलला चालणारं रबर आहे का हे विचारून घ्या.

गाडी किती दिवस उभी असते हेही मोजा. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत होती तोवर चेंबर वाळायला सवडच नव्हती. शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा गाठून रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या हौशी मालकांकडे, आठ-आठ दिवस उभ्या. आठ दिवसांनी चेंबर कोरडा मिळाला तर त्याला बिघाड म्हणू नका.

रोजच्या गाडीत मात्र कार्बोरेटरखालचा जाड बॅकेलाइटचा किंवा फायबरचा स्पेसर जागेवर आहे का ते बघा. कार्बोरेटर उतरवताना तो तुटतो आणि बरेचदा त्याजागी नुसतं कागदी पॅकिंग लावून काम उरकलं जातं. मग मॅनिफोल्डची सगळी उष्णता चेंबरला जाते. नवा स्पेसर दोन्ही बाजूंना पॅकिंग घालून बसवा, नट आळीपाळीने आवळा आणि जोर बेताचा ठेवा. आधीच जास्त आवळून फ्लँज (कार्बोरेटरचा खालचा, नटांनी आवळायचा सपाट भाग) वाकला असेल तर स्टीलची पट्टी आडवी धरून खाली ०.१ मिमीचं फिलर गेज घालून बघा. ते शिरत असेल तर आधी फ्लँज सपाट करून घ्या.

"वरून झाकणभर पेट्रोल ओता"

हे करूच नका. सेल्फ मारताना इंजिनाने मागे भडका मारला तर आग सरळ उघड्या घशातून वर येते, आणि ओतणारा हातात बाटली घेऊन वाकलेला असतो. वर सांगितलेलं सिरिंजचं ३० मिलिही चेंबरच्या व्हेंटमधूनच द्यायचं. देताना इग्निशन बंद हवं. नंतर बाटली बंद करून लांब ठेवा, एअर फिल्टर परत बसवा आणि मगच सेल्फ मारा.