‘सर्वांत अवघड गाणे निवडा’ : ऑडिशनच्या तयारीविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

गाण्याच्या ऑडिशनची तयारी कशी करावी हे सांगणारा एक संदेश सतत फिरत असतो. शीर्षक दर वेळी नवे असते, मजकूर मात्र तोच. त्याचा गोषवारा असा : परीक्षकांवर छाप पाडायची असेल तर आपल्याला येणारे सर्वांत अवघड, उंच सुरांचे गाणे निवडावे, ते मूळ पट्टीतच, म्हणजे मूळ गायकाने सा जिथे धरला त्याच उंचीवर, गावे, कारण पट्टी उतरवणे ही दुबळेपणाची कबुली असते, मूळ गायकाची प्रत्येक हरकत, म्हणजे सुरांची बारीक नक्षी, हुबेहूब उचलावी, गाणे रोज पन्नास वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणावे आणि आदल्या दिवशी तर पूर्ण आवाजात म्हणावे, निकाल पहिल्या पाच सेकंदांत लागतो, म्हणून सारी मेहनत पहिल्या ओळीवर घ्यावी, आणि परीक्षकांनी मध्येच थांबवले तर आपली निवड झाली नाही असे समजावे.

मी बरीच वर्षे गाणे शिकवते आहे आणि अनेक स्वरचाचण्यांना पेटीच्या साथीला बसले आहे. या संदेशाबरहुकूम तयारी करून आलेला गायक बहुधा पहिला अंतरा संपायच्या आत ओळखू येतो. त्याची मेहनत खरी असते, पण ती चुकीच्या जागी खर्च झालेली असते. म्हणून हा संदेश मुद्दा धरून तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत अवघड गाणे निवडावे, हा पहिला सल्ला रियाज आणि ऑडिशन यांत गल्लत करतो. रियाजाचे गाणे आपल्या आजच्या कुवतीच्या थोडे पुढचे असावे, कारण त्याशिवाय गळा तयार होत नाही. ऑडिशनचे गाणे मात्र त्या कुवतीच्या थोडे अलीकडचे असावे, म्हणजे झोप नीट झालेली नसताना आणि ताटकळून घसा कोरडा पडलेला असतानाही ते ढासळत नाही. परीक्षकांना गाण्याची अवघडता मोजायची नसते. सूर पक्का आहे का, लय धरून ठेवता येते का, शब्द कळतात का, ओळ संपेपर्यंत दमसास पुरतो का आणि या आवाजाला स्वतःचा असा काही पोत आहे का, एवढे त्यांना ऐकायचे असते, आणि हे सारे एखाद्या साध्या, मध्य सप्तकात फिरणाऱ्या गाण्यातूनही स्वच्छ ऐकू येते. उलट गायकाचे सगळे लक्ष पुढे येणाऱ्या तार, म्हणजे वरच्या, सप्तकातल्या जागेकडे लागलेले असेल तर तिच्या आधीच्या चार ओळीही तो धास्तावून गातो, आणि परीक्षकांना ऐकू येते ती ती धास्ती.

वेळेचा हिशोबही या सल्ल्याच्या विरुद्ध जातो. संगीत नाट्यप्रयोगांच्या ऑडिशनमध्ये अनेक ठिकाणी गायकाकडून गाण्याचे फक्त १६ बार मागितले जातात. चार मात्रांचा बार आणि मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर हे होतात ६४ मात्रा, म्हणजे अवघे ३२ सेकंद. ज्या गाण्याची खरी गंमत तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या अंतऱ्यात उलगडते, ते गाणे कितीही सुंदर असले तरी इथे कामाचे नाही. आपल्या गाण्यातले अर्ध्या, एका आणि दोन मिनिटांचे तुकडे आधीच कापून ठेवणे, प्रत्येक तुकडा कुठल्या शब्दावर सुरू होतो आणि कुठल्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपतो हे ठरवणे, हा तयारीचा मोठा भाग आहे. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

पट्टीविषयीचा दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर घेते. ध्वनिमुद्रणातली पट्टी त्या गायकाच्या गळ्याला मानवेल अशी ठरलेली असते, कित्येकदा वाद्यमेळाच्या सोयीनेही ठरलेली असते. चालीशी तिचे काही अतूट नाते नसते. चाल म्हणजे सुरांमधली अंतरे, आणि षड्ज, म्हणजे सा, कुठेही धरला तरी ती अंतरे तीच राहतात. फरक पडतो तो गळ्याला. समजा, मूळ गाणे काळी दोनमध्ये आहे, म्हणजे त्याचा सा पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर आहे, आणि त्याचा सर्वांत उंच सूर तार गंधार, म्हणजे वरचा ग, आहे. म्हणजे गायकाला वरच्या सप्तकातल्या पांढरी पाचपर्यंत जावे लागते. तेच गाणे काळी एकमध्ये घेतले तर हा गंधार पांढरी चारवर येतो. पेटीवर पाहिले तर शेजारच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्येत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो, तेव्हा मधली काळी तीन धरून दोन स्वर खाली उतरल्याने कंपनसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते. ऐकणाऱ्याला गाणे तेच वाटते, पण ज्या गळ्याची हद्द पांढरी चारच्या आसपास संपते, त्याच्यासाठी ताणलेला सूर आणि भरलेला सूर यांतले अंतर एवढेच असते.

मात्र पट्टी उतरवताना गाण्याचे खालचे टोक विसरू नये. याच गाण्यात मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, लागत असेल तर तो काळी पाचवरून काळी चारवर जातो, आणि तिथे आवाजात नुसती हवाच उरत असेल तर एका टोकाचे दुखणे दुसऱ्या टोकाला नेल्यासारखे होईल. दोन्ही टोके पेटीवर तपासून, दोन्हींकडे निदान एक-एक सूर शिल्लक राहील अशी पट्टी निवडावी, आणि तशी पट्टी सापडतच नसेल तर गाणे बदलावे. ठरलेली पट्टी कागदावर लिहून न्यावी, ही साथीदाराच्या वतीने केलेली विनंती समजा. ‘थोडे खाली घ्या’ असे सांगणाऱ्या गायकाला थोडे म्हणजे किती हे बहुधा ठाऊक नसते, आणि मग त्याच्या गळ्याचा निर्णय पेटीवाल्याला अंदाजाने घ्यावा लागतो.

मूळ पट्टीचा आग्रह धरणाऱ्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. डॅनियल लेव्हिटिन या संशोधकाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्य विद्यार्थ्यांना त्यांची आवडती लोकप्रिय गाणी नुसत्या आठवणीवर म्हणायला सांगितली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे सूर मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीच्या अगदी जवळ पडले. म्हणजे सतत ऐकलेली पट्टी स्मरणात रुतून बसते. आपण काळी एकमध्ये तयारी केली, पण प्रवासात आणि रिकाम्या वेळी मूळ गाणेच ऐकत राहिलो, तर साथीशिवाय गाण्याची वेळ येताच गळा सवयीने काळी दोनमध्ये शिरण्याचा धोका असतो. पट्टी बदलली की ऐकण्याची पट्टीही बदलायला हवी : आपल्या पट्टीतला ट्रॅक किंवा आपलेच ध्वनिमुद्रण ऐकावे आणि शेवटच्या आठवड्यात मूळ गाण्यापासून लांब राहावे.

हुबेहूब नकलेचा तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे. नक्कल करत शिकणे ही गायनातली जुनी आणि चांगली रीत आहे. मोठ्या गायकाने मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) कुठून उचलली, मुरकी (सुरांचे छोटे, जलद वळण) कुठे आवरली, हे कानाने टिपून गळ्यात उतरवल्याशिवाय जाण येत नाही. पण आपण ज्याची नक्कल करतो ते ध्वनिमुद्रण बऱ्याचदा अनेक वेळा गाऊन त्यांतले चांगले तुकडे जोडून तयार केलेले असते, आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आल्यापासून सूर यंत्राने सरळ करण्याचीही सोय झालेली आहे. त्या गायकानेही जी ओळ कदाचित एका दमात गायलेली नाही, ती एका दमात गाण्याचा हट्ट आपण धरतो. शिवाय परीक्षकांच्या कानात मूळ आवाज पक्का बसलेला असतो. हुबेहूब गाणारा त्यांना फक्त त्याचीच आठवण करून देतो.

यावर उपाय म्हणून नव्या हरकती पेरण्याची गरज नाही. शब्दांपासून सुरुवात करावी. उदाहरणासाठी एक ओळ मीच जुळवते : ‘सांजवेळी दूर रानी वाट पाहे कोण माझी’. ‘रानी’नंतर श्वास घेतला तर दूर रानात कोणीतरी वाट पाहत असल्याचा अर्थ नीट पोहोचतो. तोच श्वास ‘वाट’नंतर घेतला की ‘दूर रानी वाट’ हे वेगळे पडते, ऐकणाऱ्याला रानातली पायवाट दिसू लागते आणि ‘पाहे कोण माझी’ लोंबकळत राहते. सूर एकही चुकलेला नाही, पण ओळ हातची गेली. म्हणून गाणे स्वतःच्या हाताने कागदावर लिहावे, ते आधी चालीशिवाय मोठ्याने वाचावे, वाचताना जिथे आपण सहज थांबतो तिथे पेन्सिलीने खूण करावी, आणि चालीतले श्वास शक्य तितके त्या खुणांवर आणावेत. हे काम तासाभराचे आहे, पण त्यानंतर गाणे आपल्या तोंडचे वाटू लागते.

रोज पन्नास वेळा गाणे म्हणण्याच्या सल्ल्याला साधे गणित पुरेसे आहे. चार मिनिटांचे गाणे पन्नास वेळा म्हणजे २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे. त्यातला निम्माच वेळ आवाज लागतो असे धरले आणि सरासरी सूर २५० हर्ट्झचा मानला, तर स्वरतंतू एकमेकांवर रोज सुमारे १५ लाख वेळा आपटतात. नवशिक्याच्या गळ्यावर हा भार आठवडाभर टाकला तर आवाज तयार होण्याआधी बसण्याची शक्यता जास्त. स्मरणाच्या दृष्टीनेही हा सौदा वाईट आहे, कारण एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडे थोडे करून अनेक दिवसांत केलेले पाठांतर अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणण्यात आणखी एक तोटा असा की अडणारी जागा प्रत्येक वेळी एकदाच, आणि तीही चुकीचीच, म्हटली जाते; पन्नास फेऱ्यांत चूक पन्नास वेळा पाठ होते. ती जागा बाहेर काढून, निम्म्या लयीत, आधी नुसत्या ‘आ’कारात आणि मग शब्दांसह दहा वेळा घेतली तर पंधरा मिनिटांत फरक पडतो.

पण या सल्ल्यातली खरी चूक वेगळीच आहे. पन्नासावी खेप ही तापलेल्या गळ्याची खेप असते, आणि ऑडिशनमध्ये मिळते ती पहिलीच खेप, तीही बाहेर तासभर गप्प बसल्यानंतरची. तेव्हा सराव त्या पहिल्या खेपेचा करायला हवा. दिवसातून दोन-तीनदा, वेळ न ठरवता, हातातले काम बाजूला ठेवून उभे राहावे, सा धरावा, गाणे एकदाच म्हणावे, ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्यांदा म्हणू नये. सुरुवातीला हे ध्वनिमुद्रण ऐकवत नाही. मात्र दहाव्या दिवशी आपल्या गाण्याचा तळ नेमका कुठे आहे हे समजते, आणि निवडलेले गाणे योग्य की अयोग्य याचा निर्णय इथेच लागतो.

आदल्या दिवशी पूर्ण आवाजात गाण्याविषयी फार लिहायला नको. अर्ध्या आवाजात दोन-तीनदा म्हणावे आणि थांबावे. पाण्याविषयी मात्र एक गैरसमज याच संदेशाच्या शेपटाला हमखास जोडलेला असतो, की दारात उभे असताना घोटभर पाण्याने स्वरतंतू ओले होतात. प्यायलेले पाणी अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात. पाणी त्यांना स्पर्शही करत नाही. त्या घोटाने तोंडाची कोरड जाईल, पण स्वरतंतूंना हवा असलेला ओलावा शरीरातून पोहोचतो, म्हणून पाणी आदल्या दिवसापासून नीट प्यावे.

पहिल्या पाच सेकंदांत निकाल लागतो, हे विधान कोणी मोजून केलेले दिसत नाही. पहिली ओळ महत्त्वाची आहे हे मान्य. पण ती चुकते ती सरावाच्या अभावामुळे फारशी नाही. ती बहुधा घाईमुळे चुकते. नाडी वाढलेली असते आणि तीच लय वाटू लागते. गायक मुखडा सरावापेक्षा जलद उचलतो आणि अंतऱ्यातल्या शब्दांनी गच्च भरलेल्या ओळीत त्याची जीभ अडखळते. पहिली ओळ आणखी शंभर वेळा घोटून हा दोष जात नाही. सुरू करण्याआधी ती गच्च ओळ मनात एकदा म्हणावी, ती ज्या लयीत स्वच्छ बसते ती लय चार मात्रा मोजून धरावी आणि मग मुखडा उचलावा. साथीदाराला लयही अशीच, ती ओळ गुणगुणून द्यावी. एवढ्याला पाच-सात सेकंद जातात, आणि तेवढी शांतता कोणत्याही परीक्षकाला खटकलेली मी पाहिलेली नाही.

थांबवले म्हणजे नापास, हा शेवटचा मुद्दा निखालस चूक आहे आणि त्याने गायकांचे नुकसान होताना मी समोर बसून पाहिले आहे. थांबवण्याची कारणे अनेक असतात : हवे ते ऐकून झालेले असते, बाहेर रांग मोठी असते, किंवा याच आवाजात वेगळ्या धाटणीचे काही ऐकायचे असते. एका मुलीला मुखड्यानंतर थांबवले गेले, तेव्हा तिने चेहरा पाडून कागद आवरायला घेतले आणि परीक्षकांचे पुढचे वाक्य तिने ऐकलेच नाही. ते वाक्य होते, ‘दुसरे काही म्हणता का?’ तिला ते पुन्हा विचारावे लागले, आणि तिच्याकडे म्हणायला दुसरे काही नव्हते, कारण तिने महिनाभर एकच गाणे रोज पन्नास वेळा म्हटले होते. पहिल्यापेक्षा वेगळ्या लयीचे, वेगळ्या भावाचे आणि शक्यतो पहिल्याहून सोपे असे एक दुसरे गाणे, त्याची पट्टी लिहिलेल्या कागदासह, जवळ असलेच पाहिजे.